पांढरीतले जबडे

"ही मेली न्हाई, बाई. हिला कापलीया. आन् कापायच्या आधी कुनीतरी हिचं तोंड उघडून दात बघितल्यात."

"मावशी, तीन हजार वर्षं झाली त्याला. कुणी काय बघितलं ते तुम्हाला कसं कळलं?"

"तीन हजार झाली म्हनून काय झालं? मेंढीला दात येयाची रीत बदलली का?"

खड्ड्याच्या काठावर ताडपत्री अंथरलेली, तिच्यावर मेंढ्यांचे खालचे जबडे ओळीनं मांडलेले, आणि मधोमध भागिरथी बाचकर उकिडवी बसलेली. एका हातात जबडा, दुसऱ्या हाताचं बोट दाढांवरनं फिरतंय. समोर उभी होती वृषाली. ही पोरगी नगरची, सावेडीत बंगला, पुण्यात जुन्या हाडांवर पीएचडी करते. डोक्याला टोपी, हातात ब्रश, आणि जीव सगळा त्या जबड्यावर.

"मावशी, जपून हां. ठिसूळ झालंय."

"आगं, आडलेली कोकरं काढते मी ह्या हातानं. तुझं हाडूक मोडनार न्हाई."

आमच्याकडं जुन्या, उठून गेलेल्या गावाच्या जागेला पांढर म्हणतात. राख, शेण, पडक्या भिंती सगळं एकमेकांत मुरून पांढुरकं टेकाड होतं. नेवासा तालुक्यात प्रवरेच्या काठी आंबरवाडी आहे, तिथं असंच एक टेकाड. निम्मं टेकाड गावानं कधीच गाड्या भरभरून नेलं. कुणी घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या छतावर घातलं, कुणी रानात पसरलं. राहिलेल्या निम्म्यात यंदा पुण्याच्या लोकांनी चौकोनी खड्डे घेतले. टेकाडाला लागून राधाकृष्णभाऊंचं रान. कांदा काढून रान मोकळं झालं होतं, म्हणून त्यांनी भागिरथीची मेंढरं बसवायला बोलावली. मेंढरं बसवायची म्हणजे रोज संध्याकाळी रानाच्या एका तुकड्यावर जाळी लावून कळप कोंडायचा, रातभरच्या लेंड्या-मुतानं तो तुकडा खतावतो, दुसऱ्या दिवशी जाळी पुढच्या तुकड्यावर. रान भरलं की बिऱ्हाड घोड्यावर टाकून पुढच्या गावाला.

खड्ड्यावाल्यांचा पाण्याचा पिंप होता. भागिरथी पहिल्या दिवशी घागर घेऊन आली ती पाण्यासाठी, आणि रोज यायला लागली ती जबड्यांसाठी.

बाई अठ्ठावन्न वर्षांची. अंगानं वाळकी, आवाजानं दांडगी. जन्म वाटेवरचा. आधार कार्ड काढताना कारकुनानं विचारलं, जन्मगाव? ही म्हणाली, राहुरीच्या अलीकडं, कॅनॉलच्या तिसऱ्या मोरीपाशी. तो म्हणाला, मोरी चालत नाही, गाव सांगा. "मंग तुमीच घाला एखादं, तुमच्याकडं लई गावं हायती," म्हणून ही गप्प बसली. त्यानं पारनेर तालुक्यातलं घातलं, कारण पावसाळ्याचे चार महिने बाचकरांचा वाडा तिथल्या पठारावर असतो. वाडा म्हणजे माणसं, मेंढरं, घोडं, कुत्री, सगळं मिळून. दिवाळी झाली की वाडा खाली उतरतो, कॅनॉलच्या बाजूला, आणि वळवाचं आभाळ दिसलं की परत वर.

सतराव्या वर्षी लग्न झालं. बापानं आंदण म्हणून पाच मेंढ्या दिल्या, डाव्या कानाला कातरा मारून. आंदणाच्या मेंढीची लेक, लेकीची लेक, सगळ्यांचा डावा कान कातरायचा, आणि तेवढा माल बाईचा. नवऱ्यानंसुद्धा विचारल्याशिवाय विकायचा नाही. नवरा सहादू तसा चांगला, पण दोनदा न विचारता विकायला गेला. दोन्हीदा हिनं बाजारात जाऊन मेंढी गळ्याला दोरी लावून माघारी आणली. दुसऱ्यांदा तर लोक हसले. सहादू पण हसला. पाच वर्षांखाली कावीळ झाली आणि तो गेला.

मच्छिंद्र झाला तेव्हा वाडा सोनईजवळ होता. तिसऱ्या दिवशी पोर पदरात आणि बाई चालती. कुणी कौतुक केलं तर तिला राग यायचा. "चालले न्हाई तर काय करू? मेंढरं थांबत्यात व्हय माझ्या बाळतपनाला?"

एका गावात पोरांनी अडवलं होतं. म्हणाली, परक्या लोकांनी इथनं जायचं नाही. भागिरथीनं काठी रोवली. "तुझा आज्जा हितं कवा आला?" पोरगं म्हणालं, पणजोबा आला. "मंग तुज्या पनज्याला ह्या वाटनं आमच्या मेंढरांनी पाहिलाय. बाजूला हो." पोरं झाली बाजूला. आता हे खरं की बाजूला व्हायला मेंढरांची धूळही कारण होती.

तर पांढरीतल्या जबड्यांचं.

वृषालीनं तिला एक दिवस खड्ड्याची भिंत दाखवली होती. खाली काळपट थर, वर राखाडी, त्याच्यावर पांढुरका. खालच्या थरात मोठी चौकोनी घरं, जळका गहू, जव, गाईबैलांची हाडं, लाल भांड्यांवर काळी नक्षी. वरच्या थरात घरं लहान, गोल, खोपटासारखी. धान्य थोडं. हाडं मात्र मेंढ्याबकऱ्यांचीच जास्त. आणि त्याच्या वर काहीच नाही.

"पाऊस कमी होत गेला, मावशी. एका वर्षात नाही, पिढ्यान्‌पिढ्या. असं बरेच अभ्यासक म्हणतात, काहींना पटत नाही ती गोष्ट वेगळी. गहू पिकेना, मग लोक मेंढ्यांकडं वळले."

"आन् त्याच्या आदी?"

"त्याच्या फार आधी, नदीच्या गोट्यांत दगडाच्या कुऱ्हाडी सापडतात. लाखो वर्षांपूर्वीच्या. तेव्हा शेतीच नव्हती. सगळ्या जगात माणूस असाच पसरला. आफ्रिकेतलं वाळवंट मधूनमधून हिरवं व्हायचं, तेव्हा माणसं त्यातून पलीकडं निघाली. पुन्हा वाळलं की वाट बंद. पाणी आणि गवत जसं सरकलं तशी माणसं सरकली."

भागिरथीनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी गवत म्होरं, मान्सं मागनं."

"हो, तसंच."

"आन् मला मच्छिंद्रच्या शाळंची मास्तरीन म्हनायची, तुमी भटक्या लोकांनी आता तरी सुधरा. हितं तर समदी दुनियाच भटकी निघाली."

वृषाली हसली, पण वहीतलं वाचायला गेली आणि गडबड झाली. ग्रामपंचायतीला टेकाडाजवळ फलक लावायचा होता. मजकूर हिच्याकडं होता, सरांनी बघून दिलेला. शेवटचं वाक्य होतं, 'भीषण दुष्काळात जनावरे मेली, अन्न संपले आणि ही वस्ती नष्ट झाली.'

"नष्ट? कोन म्हनलं?"

"हे जबडे म्हणतात, मावशी. बघा, एकतर अगदी कोवळी जनावरं आहेत, नाहीतर अगदी म्हातारी. मधल्या वयाची नाहीतच. दुष्काळात अशीच मरतात ना? अशक्त ती आधी."

तिथंच भागिरथी ताडपत्रीवर बसली, आणि मग ते दात बघितल्याचं बोलणं निघालं.

पहिल्यांदा तिची पंचाईत झाली. मेंढीचं वय आमची माणसं पुढच्या दातांवर काढतात. दुधाचे दात असले की आदत, मग वर्षागणिक दोनदाती, चारदाती, सहादाती, आठ पुरे झाले की जुळली. त्याच्या पुढं दात झिजतात, फाकतात, पडतात. पण ह्या जबड्यांचे पुढचे दात मातीत कधीच गळालेले. वृषाली वय काढायची दाढांवर. एकीला दाढा ठाऊक, दुसरीला दात.

"थांब," म्हणून भागिरथी उठली आणि कळपातनं एक सहादाती मेंढी मानेला धरून थेट खड्ड्यापाशी घेऊन आली. मेंढी गुडघ्यात दाबली, अंगठ्यानं ओठ वर केला.

"ही सा दाती. आता घाल आत बोट आन् बघ दाढा."

"चावेल ना!"

"चावत न्हाई. पन दाढंखाली बोट गेलं तर सोडत बी न्हाई. कडंनं घाल."

सावेडीच्या पोरीनं डोळे बारीक करून बोट घातलं. खड्ड्यातले मजूर काम सोडून बघत राहिले. मग आदत आणली, मग दोनदाती, मग एक पार बोखी म्हातारी. अर्ध्या तासात दोघींचा हिशोब जुळला. वृषाली म्हणाली तेच खरं निघालं. ताडपत्रीवर होती ती एकतर आदत, वर्षाच्या आतबाहेरची, नाहीतर झिजलेली म्हातारी. दोनदाती, चारदाती, सहादाती जवळजवळ नाहीतच.

"बघा, मी म्हणत होते," वृषाली म्हणाली.

"तू मोजलंस ते बराबर. पन दुस्काळ तुला ठावा न्हाई." भागिरथीनं मेंढी सोडून दिली. "दुस्काळात आदी कोन जातं, सांगू? म्हातारी न्हाई. म्हातारी काटंकुटं खाऊन तगती. आदी जाती गाभन आन् पाजनारी. पोटातलं खातं, कासंतलं खातं, तिला सवताला काय उरत न्हाई. दोन हजार तीनला आमच्या वाड्यात सोळा मेल्या, सोळाच्या सोळा चारदाती-सादाती. पुन्यांदा तेराला तेच. ही मान्सं दुस्काळानं बसली आसती तर ह्या ताडपत्रीवर तरन्या मेंढ्यांचा ढीग पडला आसता."

वृषालीनं वही उघडून ते लिहून घेतलं.

"ती आदत हायती ना, त्यांची शिंगाची बुडं घावलीत का?"

वृषालीनं एक खोका उघडला. होती. बहुतेक सगळ्या कोवळ्यांची.

"नर हायती," भागिरथी म्हणाली. "कोवळं नर खाल्लं, बिनकामाच्या म्हाताऱ्या खाल्ल्या. पैदाशीच्या एकीला हात लावला न्हाई. उपाशी पळनारा मानूस दात बघत बसत न्हाई, बाई. जे म्होरं येईल ते कापतो. ह्यांनी एक एक तोंड उघडून ठरवलंया."

"तेव्हाच्या माद्यांना शिंगं नव्हतीच असं छातीठोक सांगता येत नाही, मावशी."

"मंग तू काड हुडकून, त्येच्यासाठीच शिकलीस. पन तरन्या मेंढ्या कुटं गेल्या, ते सांग मला. हितं न्हाईत. म्हंजी चालत गेल्या. आन् मेंढरं येकली चालत न्हाईत, म्हागं मानूस लागतो. तुज्या फळ्यावर नष्ट लिवलंस तर मी पुसून टाकीन. मला लिवता येत न्हाई, पुसता येतं."

वृषालीनं पेन्सिल काढली, त्या शेवटच्या ओळीखाली रेघ मारली आणि समासात भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं. सरांना फोन करायला लागेल, म्हणाली. फोनवर ती बराच वेळ 'हो सर, पण सर' करत होती.

भागिरथी मात्र तिथंच जबड्यांकडं बघत बसून राहिली. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा सगळा कळप विकला जाणार होता, आणि त्याला होकार तिनंच दिलेला होता.

ती गोष्ट अशी. मच्छिंद्र हा तिचा एकुलता एक. बायको रुपाली आणि दोन पोरी नगरच्या केडगावात भाड्याच्या खोलीत, पोरींच्या शाळेसाठी. दोन वर्षं तो हिकडं आईबरोबर वाड्यावर, तिकडं महिन्यातनं दोन दिवस. मागच्या मार्चात गारा पडल्या, कोकरं मेली. दिवाळीनंतरही पाऊस हटला नाही, जाळीत चिखल, मेंढरांची खुरं कुजली. यायचा तेव्हा पाऊस येत नाही, जायचा तेव्हा जात नाही. मच्छिंद्रनं एमआयडीसीत काम बघितलं आणि घोडेगावच्या बाजारात एक व्यापारी ठरवला. व्यापाऱ्याची अट एकच, एकशे दहाच्या एकशे दहा द्यायच्या, निवडानिवड नाही. आईला तो म्हणाला, "आता बास झालं. केडगावात चल." लेक दोन वर्षं राबलेला, बायको-पोरींपासनं लांब. त्याच्या तोंडाकडं बघून भागिरथी व्हय म्हणून बसली. त्या दिवसापासनं तिला जेवण गेलं नव्हतं, पण बोलली नव्हती.

सकाळी व्यापाऱ्याचा ट्रक राधाकृष्णभाऊंच्या बांधाला लागला, पुढं मोटरसायकलवर मच्छिंद्र. येऊन बघतात तो जाळीत दोन कळप. भागिरथीनं उजाडल्यापासनं मधोमध जाळी बांधून मेंढरं वेगळी काढली होती. ह्या बाजूला कोवळे नर आणि दात गेलेल्या म्हाताऱ्या. त्या बाजूला दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि पैदाशीसाठी ठेवलेला एक एडका.

"हे काय केलंस आई?"

"हिकडची घाल गाडीत. तिकडची न्हाई जायाची."

"आगं, जबान दिलीया मी!"

"तू दिलीस. मी व्हय म्हनले ती माजी चूक. चूक हाय म्हनते ना."

व्यापारी खाली उतरला. अंगानं जाडजूड, बोलायला गोड. "आज्जी, म्हातारा माल मी काय करू? तरण्या मेंढ्यांसाठी तर गाडी आणली."

"ठावं हाय मला. म्हनूनच त्या न्हाईत."

"मग हा सौदाच मोडला."

"मोडला तर मोडला. नर चांगलं हायती, नेयाचं तर ने. न्हाईतर घोडेगाव काय लांब न्हाई, मी चालवत नेते."

मच्छिंद्र आईला बाजूला घेऊन गेला. बाजूला म्हणजे काय, चार पावलं. सगळ्यांना ऐकू येत होतं. "त्या खड्ड्यातली हाडं बघून धंदा करायचा का आता? वृषालीताईनं डोकं फिरवलंया तुजं."

"तिचं मी फिरवलंय, इचार तिला. आन् हाडांनी मला काय शिकवलं न्हाई. हे मला आदीच ठावं हुतं. तुज्या बापाला ठावं हुतं. तुला बी हाय. पाऊस फिरला तर मान्सानं मान्सागत इचार करायचा. म्हातारं इकायचं, नर इकायचं, वझं कमी करायचं, आन् पैदास घिऊन वाट बदलायची. समदं इकून खोलीत जाऊन बसायचं, हे तीन हजार वर्सामागं बी कुनी केलं न्हाई. त्यांच्याकडं तर केडगाव बी न्हवतं."

मागं खड्ड्यातनं कुणीतरी हसलं. मच्छिंद्रनं तिकडं बघितलं, हसणारा खाली बसला.

"आन् वळायची कुनी? मी न्हाई ऱ्हानार. मला पोरी हायती, आई."

हे बोलताना त्याचा आवाज चढला नाही, उतरला. भागिरथीनं त्याच्याकडं नीट बघितलं.

"तुला कोन ऱ्हा म्हनतंय? तू जा कंपनीत. ऱ्हा पोरींपाशी, शिकीव त्यांना. तुजा रस्ता तू बदललास, बराबर हाय तुजं. माज्या भावाचा वाडा सोनईच्या अंगाला उतरलाय. चाळीस-पन्नास मेंढरं त्याच्यात मिसळते. यंदा कॅनॉलचा चिखल नको, माळानं जातो आमी."

"अठ्ठावन्न वर्साची हायस तू."

"म्हंजी बोखी न्हाई अजून."

तिनं ओठ मागं ओढून दात दाखवले. दोन नव्हते. मच्छिंद्रला हसू आवरलं नाही, आणि त्याचा त्याला रागही आला. "तुज्याशी बोलनं म्हंजी..." एवढंच म्हणाला.

पण अडून बसायला त्याच्याकडं काही नव्हतंच. त्या बाजूच्या प्रत्येक तरण्या मेंढीचा डावा कान कातरलेला होता. नरांचे आणि काही म्हाताऱ्यांचे कान सरळ, ते सहादूच्या वाटणीचे, म्हणजे आता मच्छिंद्रचे. बाईनं सकाळी दात बघून निवड केली की कान बघून, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, दोन्ही बघून.

व्यापारी बराच वेळ फोन लावत राहिला, शिव्या कुणाला देत होता कळेना. शेवटी नर आणि म्हाताऱ्या गाडीत चढवल्या. एक म्हातारी चढेना, तिला भागिरथीनंच कमरेत हात घालून वर लोटली आणि फाळका लावून घेतला. गाडी निघाली तेव्हा तिनं मागं वळून बघितलं नाही असं लिहायची पद्धत आहे. तिनं बघितलं. फाळक्याची कडी नीट लागलीय का, ते बघितलं.

मच्छिंद्र मोटरसायकलवर बसला आणि तिथनंच म्हणाला, "रुपालीला काय सांगू?"

"सांग, आई उन्हाळ्यात आठ दिस येनार हाय. खोलीत घोडं बांधायला जागा बघून ठीव."

"आई!"

"बरं, घोडं न्हाई आनत. जा आता, कामाला उशीर करू नगं."

तो गेल्यावर वृषाली बांधावरनं आली. सरांचा फोन आला होता. सर म्हणत होते, एका मेंढपाळणीच्या बोलण्यावर निष्कर्ष बदलता येत नाही, पण शिंगांची बुडं पुण्याला पाठव, तपासू. तोवर फलकाचं शेवटचं वाक्य कोरं ठेवायचं.

"कोरं?"

"हो. वस्ती इथं संपली की पुढं गेली, ते अजून लिहायचं नाही."

"बेस. म्हंजी निम्मं पुसलं." भागिरथीनं पदर खोचला. "आन् तपासून नर निघालं तर मला सांग. न्हाई निघालं तरी सांग. मी सोनईला आसंन, न्हाईतर त्याच्या म्होरं."

"फोन नंबर द्या ना."

"भावाचा घे. त्यो उचलत न्हाई, पन लाव."

एवढ्यात राधाकृष्णभाऊ रानाच्या पलीकडच्या टोकाकडनं हातवारे करत आले. "आक्का! आगं, एकशे दहा मेंढरं म्हनून तुला बोलावली, आता ही मूठभर ऱ्हायली. माजा तो कोपरा खतावायचा कसा?"

"खतावंल की."

"कसा खतावंल? निम्मी झाली मेंढरं!"

"मंग दुप्पट दिस बशीन. घाई कोनाला हाय? पानी मात्र तुज्या मोटरचं दे, ह्या पोरीच्या पिंपातलं आता संपत आलंय."

भाऊ पुटपुटत मोटर चालू करायला गेले. भागिरथी जाळीच्या पहिल्या खुंटीपाशी वाकली, दगडानं दोन्ही बाजूंनी ठोकून ती सैल केली, उपटली, काखेत मारली आणि दुसऱ्या खुंटीकडं गेली.